आख्खा कोयता

धमक्यांचं मूल्यमापन करायला आम्ही पाच जण बसलो आणि एकमताने पहिला ठराव झाला तो भेळीचा. कांदा जास्त, तिखट बेताचं. मुख्याध्यापक ज्ञानेश्वर सरांनी शिपायाला तसं बजावून पाठवलं आणि मगच तक्रार पेटीचं कुलूप काढलं. कुलूप गंजलं होतं. दिवाळीपासून पेटी कुणी उघडलीच नव्हती, आणि हा जानेवारीतला शनिवार. मुलांनी विश्वासाने चिठ्ठ्या टाकायच्या आणि आम्ही त्यांचं लोणचं घालायचं, अशी आमची विद्यार्थी सुरक्षा समिती.

मी स्टेला साळवे. मराठी शिकवते. बावीस वर्षं नगर शहरात काढली; शहराचं नाव आता बदललंय, पण माझ्या तोंडाला नगरच बसलंय. गेल्या जूनमध्ये संस्थेने मला उचलून श्रीगोंद्याच्या बाजूला या उसाच्या गावात आणून टाकलं. समितीत एक तरी बाई हवी असा नियम, म्हणून मी. शाळा समितीचे अध्यक्ष अजिनाथराव, म्हणून ते. गावातला सगळ्यात मोठा ऊस त्यांचा. गावातलेच आणखी दोघं होते, पण त्यांनी दोन तासांत तोंड फक्त खायला उघडलं. त्यांची नावं कशाला सांगू?

डिसेंबरात नगरला आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. शिकवायला आलेली मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची, पण डोक्याने लखलखीत. ती म्हणाली, धमकी देणं वेगळं आणि धोका असणं वेगळं. कुणी नुसतं बोलतं, कुणी खरंच करतं. ते ओळखायचं तर आधी मुलाला समोर बसवा आणि विचारा, बाळा, तुला काय म्हणायचं होतं? मी ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. ज्ञानेश्वर सर मागच्या रांगेत घोरत होते. येताना मात्र छापील तक्त्यांचा गठ्ठा त्यांनी न विसरता आणला. वर लिहिलेलं, ‘धमकी मूल्यमापन तक्ता’, आणि खाली तीन चौकोन: सौम्य, मध्यम, गंभीर.

पेटीत सात चिठ्ठ्या निघाल्या. चार मुलींच्या संडासातल्या नळाबद्दल. उरलेल्या तीन एकाच हस्ताक्षरात, खाली नाव आणि वर्ग स्वच्छ लिहिलेला: मोनिका, नववी ब. ही मुलगी ऊसतोड कामगारांची. आईबाप पाथर्डीकडचे, हंगामापुरते इथे येतात, गावाबाहेर पाचटाच्या कोप्या घालून राहतात. वर्गात ती तिसऱ्या बाकावर बसते आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. हंगाम सुरू झाल्यापासून मी तिला किती वेळा विचारलं, ते मात्र विचारू नका.

पहिली चिठ्ठी मी मोठ्याने वाचली. “दहावीतला अध्यक्षांचा पुतण्या माझ्या मागं गाडीवर कोपीपर्यंत येतो. म्हणतो व्हय म्हण, न्हाईतर तुझं तोंड जाळून टाकीन. बाटली दाखवली.” दुसरी आठ दिवसांनंतरची. “मी चिठ्ठी टाकली हुती. कोणी बोललं न्हाई. काल त्याने बाटली दप्तरात आणली हुती.”

त्या पोराचं नाव मी घेत नाही. घेतलं तर तोंड धुवावं लागेल.

“पोरं हायत,” अजिनाथराव म्हणाले. “ह्या वयात व्हतंच आसं. आपन काय कमी केलं का?” आणि ते हसले. ज्ञानेश्वर सरही हसले. उरलेल्या दोघांनी हसून घेतलं.

“अहो, बाटली दाखवली म्हणतेय ती!” मी म्हणाले.

“पान्याची आसंल.”

तेवढ्यात भेळ आली. सरांनी बोटं रुमालाला पुसली आणि दोन्ही चिठ्ठ्यांपुढे ‘सौम्य’ या चौकोनात खूण केली. शी! चौदा वर्षांच्या पोरीचं तोंड जाळायची भाषा, आणि ती सौम्य. मी म्हणाले, हे गंभीर आहे, त्या मुलाला बोलवा, त्याच्या घरच्यांना बोलवा. अजिनाथराव म्हणाले, “घरचा म्हंजे मीच की. बसलोय न्हवं हितं?” आणि चमच्याने शेंगदाणे वेचत राहिले. चिठ्ठ्या सरांच्या टेबलाच्या खणात गेल्या.

मग सरांनी तिसरी उघडली. वाचून त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. “बाई, तुम्ही मराठीच्या. तुम्हीच सांगा याचा अर्थ.”

कालची तारीख घातलेल्या त्या चिठ्ठीत होतं: “तुमी काय करीत न्हाई. सोमवारी मी आख्खा कोयता घेऊन येणार हाय. मग बघू.”

माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे शहरात कोयता म्हणजे रोजची बातमी. अमक्या चौकात कोयता नाचवला, तमक्याच्या पाठीत घातला. मी चष्मा सारखा केला आणि शहाणपणा पाजळला. म्हणाले, ‘आख्खा’ म्हणजे पूर्ण, मोठा. साधा कोयता न म्हणता आख्खा म्हटलंय, यात राग दिसतो. हत्याराचा स्पष्ट उल्लेख आहे, वारही दिलेला आहे. ‘मग बघू’ हे तर उघड आव्हान. व्याकरणासकट सांगितलं हो मी! सर भराभर लिहून घेत होते. अजिनाथरावांचा घास क्षणभर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. “बाई म्हनत्यात तसंच लिव्हा,” ते म्हणाले.

“आधी तिला बोलावून विचारू या का?” मी एकदा म्हणाले. एकदाच.

“विषाची परीक्षा कशाला बघायची, बाई?” सर म्हणाले. ‘गंभीर’ वर खूण झाली. सोमवारी मुलीच्या हातात दाखला द्यायचा, पोलिसांना आजच पत्र पाठवायचं, असा ठराव झाला. नगरची एस.टी. पाच वाजता होती. मी घड्याळ पाहिलं आणि सही केली.

सोमवारी शाळेच्या फाटकावर पोलीस. मुलगी आहे म्हणून महिला हवालदार पाठवली होती, पुष्पावती नावाची, चांगली उंच आणि आवाजाची खणखणीत. पोरं कुंपणाला लटकून गंमत बघत होती. साडेदहाला मोनिका आली. पुढे ती, मागे तिचा बाप गहिनीनाथ आणि आई लंकाबाई. दोघांचे हात उसाच्या पात्यांनी ओरखडलेले. बापाने धुतलेला सदरा घातला होता, आईच्या डोक्यावर पदर. शाळेत जायचं म्हणून जमेल तेवढं नीट होऊन आलेली माणसं. आणि आम्ही त्यांची झडती घेतली.

हवालदारबाईंनी मोनिकाचं दप्तर रस्त्यावर रिकामं केलं. वह्या, कंपासपेटी, मी शिकवते ते मराठीचं पुस्तक. लंकाबाईच्या बोचक्यात भाकरी आणि ठेचा. गहिनीनाथने न सांगता दोन्ही हात वर केले. त्याला कुणी शिकवलं असेल ते, देव जाणे.

“कोयता कुठाय?” हवालदारबाईंनी विचारलं.

“कोयता?” लंकाबाई गोंधळली. “ह्यो काय, तुमच्या म्होरं हुभा हाय की.”

“म्हणजे?”

“मी आन् ह्यो. आमी दोघं.”

हवालदारबाईंनी कपाळावर हात मारला. “आयला! तो कोयता व्हय? मग आम्हाला काय गवत कापायला बोलावलं का?”

त्यांना हसू फुटलं. मी लंकाबाईच्या जवळ गेले. “ताई, मला नीट सांगा. कोयता म्हणजे काय?”

तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “बाई, नवरा-बायकूची जोडी म्हंजी एक कोयता. मुकादम तसंच मोजतो. एकलं मानूस आलं तर अर्दा कोयता. ह्ये तर कारखान्याच्या बारक्या पोराला बी ठावं हाय.” मग मोनिकाकडे बघून म्हणाली, “ही म्हनली, आई, तू एकली यिऊ नको, तुझं कोन ऐकंना. आन्नाला बी आन. आख्खा कोयता आला तर सर ऐकत्याल. म्हनून आज खाडा टाकून आलो.”

खाडा म्हणजे कामावर न जाणं. ऐन हंगामात दोघांनी एका दिवसाचं काम सोडलं होतं, कारण मुलीला शाळा ऐकेल असं वाटलं होतं. मोनिका वह्या गोळा करत होती. माझ्याकडे तिने मान वर करून पाहिलं नाही. मी पुस्तक उचलून दिलं, ते तिने गुपचूप दप्तरात टाकलं.

मी तरातरा ऑफिसात गेले. लाज वाटत होती, पण खरं सांगते, हायसंही वाटत होतं. गैरसमज होता, आता मिटेल. “सर, माझी चूक झाली,” मी म्हणाले. “घोडचूक. कोयता म्हणजे तिचे आईवडील. ती पालकांना घेऊन येते, एवढंच लिहिलं होतं तिने!”

वाटलं होतं सर उडतील, ‘अरे देवा’ म्हणतील. सरांनी पेनाला टोपण लावलं. “असं का,” ते म्हणाले.

नुसतं ‘असं का’.

समोरच्या खुर्चीत अजिनाथराव फोनवर मुकादमाला झापत होते. “आरं, बावीस कोयते फडात आन् एक खाड्यावर, आसं कसं चालंल? गाडी भरायची न्हाई का? कुठला कोयता म्हनलास? गहिनीनाथचा? त्यो हितं शाळंत आलाय, बघतो मी.” फोन ठेवला आणि त्यांच्या लक्षात आलं की मी बघतेय.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

“काय?”

“कोयता म्हणजे काय ते.”

“बाई, चाळीस एकर ऊस हाय माझा,” ते म्हणाले, आणि हसले. “मला कोयता म्हंजे काय ते ठावं नसंल व्हय?”

“मग शनिवारी गप्प का बसलात?”

“मला कुनी इचारलं? अर्थ तर तुमी सांगितला. शिकल्याली मानसं तुमी. आमी काय, अडानी.”

मी सरांकडे पाहिलं. “आणि तुम्ही, सर?”

सरांनी ठरावाची वही माझ्यापुढे फिरवली. त्यात लिहिलं होतं, ‘मराठी विषयाच्या अनुभवी शिक्षिका श्रीमती साळवे यांच्या स्पष्ट मतानुसार’. खाली माझी सही, वळणदार. “माझं गाव इथलंच आहे, बाई,” सर हळू आवाजात म्हणाले. “चार वर्षं राहिलीत नोकरीची. पत्र गेलंय, जावक क्रमांक पडलाय. आता अर्थ बदलून काय करता?”

पाचात चार जणांना अर्थ माहीत होता. चौघं वेड घेऊन पेडगावला निघाले होते, आणि पेडगाव तर आमच्याच तालुक्यात. एकटी मी खरीखुरी वेडी, म्हणून मलाच गाडीला पुढे जुंपलं. मला त्या खोलीचीच किळस आली. त्या टेबलाच्या काचेखाली दाबलेल्या सत्काराच्या फोटोंची, त्या तक्त्यांच्या गठ्ठ्याची, माझ्या वळणदार सहीची. ‘अनुभवी’ म्हणे. डोंबलाची अनुभवी!

दाखला तयारच होता. शाळा सोडण्याचं कारण: पालकांचे स्थलांतर. कुठे स्थलांतर? कोपी तर शाळेतून दिसते! शिपायाने तो बाहेर नेऊन गहिनीनाथच्या हातात दिला; मी मागोमाग गेले. तो कागद उलटा धरून उभा राहिला. मोनिकाने तो सुलटा केला, वाचला, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

“काय लिव्हलंय?” आईने विचारलं.

“मला काढलं.”

“आन् त्या पोराला?”

शिपाई मागे वळून आत गेला. लंकाबाई खाली पायरीवर बसली. जराशाने ती नवऱ्याला म्हणाली, आमच्यापैकी कुणी तिथे नाही असं समजून, “आता दिवसभर कोपीवर एकली कशी ठिवायची हिला? त्यो मुडदा गाडीवर फिरतोय तितं. फडात न्यावी तर तितं बी मानसं हायतच. चैतात उरकून टाकू. माझ्या भावाचं पोरगं हाय. त्यांचा बी एक कोयता व्हईल.”

मला आता अर्थ कळत होता. इतका कळत होता की नकोसा झाला. “चौदा वर्षांची आहे हो ती!” मी ओरडले.

लंकाबाईने वर पाहिलं. “मला ठावं न्हाई व्हय? मी जल्म दिलाय तिला.” मग तिने विचारलं, अगदी साध्या आवाजात, “बाई, हिला काढायच्या कागदावर तुमची बी सही हाय का?”

खोटं बोलले असते तर तिला कळलंही नसतं. “आहे,” मी म्हणाले.

तिने पदर सारखा केला आणि मोनिकाला जवळ ओढलं. शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

मी परत ऑफिसात गेले. सरांना बाजूला हो म्हटलं, तेही ‘अहो-जाहो’ न करता, आणि टेबलाचा खण ओढला. दोन्ही चिठ्ठ्या तिथेच होत्या, चुरगळलेल्या. अजिनाथराव उभे राहिले. “बाई, पुन्ना बदली पायजे का? अकोले तालुक्याच्या डोंगरात टाकीन, एस.टी. बी येत न्हाई तितं.”

“टाका,” मी म्हणाले. “तिथे तुम्ही तर नसाल ना?”

बाहेर येऊन मी लंकाबाईला म्हणाले, “पोलीस ठाण्यात चला. त्या पोरावर तक्रार करायची. मी येते सोबत.” मला वाटलं, ती म्हणेल, आता कशाला, तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार? तिने नवऱ्याकडे पाहिलं. गहिनीनाथ तेवढ्या वेळात पहिल्यांदा बोलला.

“आजचा खाडा तर पडलाच हाय,” तो म्हणाला. “चला.”

फाटकावर हवालदारबाई गाडीला किक मारत होत्या. मी त्यांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या. पहिली वाचताना त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. दुसरी वाचून त्यांनी गाडी बंद केली आणि फोन लावून ठाण्यातली जीप मागवली.

ठाण्यात त्यांनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. मोनिकाला पाणी दिलं. कागद पुढे ओढून आधी मला विचारलं, “ह्या चिठ्ठ्या तुम्ही कधी वाचल्या, बाई?”

“शनिवारी.”

“आज सोमवार आहे. असली गोष्ट कळल्याबरोबर आम्हाला कळवायची असते, हे तुम्हाला माहीत आहे ना? उशिराचं कारण इथे लिहावं लागतं. काय लिहू?”

सांगण्यासारखी कारणं पुष्कळ होती. समिती, बहुमत, पाचची एस.टी. सगळी तोंडाशी आली आणि सगळ्यांचीच घाण वाटली. “लिहा, घाबरले,” मी म्हणाले. “स्टेला साळवे घाबरली आणि गप्प बसली. तसंच लिहा.”

त्यांनी तसंच लिहिलं. मग कागद फिरवून त्या मोनिकाशी हळू बोलायला लागल्या. “बाळा, घाबरू नको. तुझ्या शब्दांत सांग, एखादा शब्द कळला नाही तर मी विचारीन. आधी नाव सांग.”

“मोनिका गहिनीनाथ.”

“वर्ग?”

 दाखला मोनिकाच्या मांडीवर होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं.

“बाई,” तिने विचारलं, “नववी सांगू का, शाळा सोडलेली सांगू?”